काळ्या बाटलीवाले

चार माणसं मिळून एखाद्या कामाला लागली की काम किती झालं ते कोणी लक्षात ठेवत नाही, फजित्या मात्र गावभर सगळ्यांना पाठ असतात. आमच्या मंडळाचंही तेच झालं. आम्ही जमलो होतो पाणी तपासायला. पण आजही कोणी भेटलं की पाण्याचं विचारत नाही. "मॅडम, तो एसटीतला किस्सा सांगा ना!" मग मी सांगत बसते. एक सांगितला की दुसरा आठवतो, दुसऱ्याला लागून तिसरा. सुरुवातीला सगळेच हसतात, मीही हसते. शेवटच्या किश्श्याला मात्र कोणी हसत नाही.

आधी ओळखी करून देते. मी दिग्रसच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. माझा भुताखेतांवर विश्वास नाही, आणि ज्यांचा आहे त्यांच्याशी बोलायला मला वेळ नाही! गजूभाऊ एसटीत कंडक्टर, दिग्रस-पुसद लाइनवर. ठाकरे डॉक्टर म्हणजे ढोरांचे डॉक्टर. "आपला पेशंट उलटून बोलत नाही" यावर फार खूश असलेला माणूस. आणि शेवंताबाई, तांड्यावरच्या अंगणवाडीच्या सेविका. आमचं मंडळ यांच्यामुळेच सुरू झालं.

तांड्याचं नाव सांगणार नाही. तिथल्या पोरींची लग्नं व्हायची आहेत, आणि "तिथलं पाणी खराब" असं एकदा गावाला चिकटलं की निघता निघत नाही.

कापसाची ती वाईट वर्षं होती. माणसांचं काय झालं ते पेपरात येत होतं. जनावरांचं कोणी छापत नव्हतं. चारा नव्हता, जनावरं बसली की उठत नव्हती. मेलेलं जनावर न्यायला पूर्वीसारखं कोणी येत नव्हतं, म्हणून गावाने नाल्याकाठची खडकाळ जागा ठरवून दिली. तिला सगळे ढोरखड्डा म्हणत. खडकात खोल खणता येत नाही, त्यामुळे वरवर माती लोटायची आणि घरी यायचं. मग कुत्री जायची. नाल्याच्या या बाजूला तांडा, आणि तांड्याची एकुलती एक विहीर.

शेवंताबाईंची मुलगी कविता आदल्या वर्षी बाळंतपणाला माहेरी आली होती. लेकरू पावसाळ्यात हगवणीने गेलं आणि ती रिकाम्या हाताने सासरी परतली. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. पोळा झाला की ती यायची होती.

"मॅडम," शेवंताबाई माझ्या लॅबच्या दारात उभं राहून म्हणाल्या, "पोरगी यायच्या आधी मले सांगा, आमच्या इहिरीचं पानी चांगलं आहे का नाही. नसन चांगलं, तं चांगलं करून द्या."

मी त्यांना बसा म्हटलं. त्या बसल्या नाहीत.

*

तपासणी अगदी सोपी असते. छोटी बाटली, आत औषध लावलेली कागदाची पट्टी. पाणी भरायचं, झाकण लावायचं, ऊबदार जागी ठेवायचं. पाणी चांगलं असेल तर बाटली तशीच राहते. घाण असेल तर दिवस-दीड दिवसात काळी पडते. नुसती मळकट होत नाही. काजळासारखी काळी होते!

शेवंताबाई बाटल्या भरायच्या, गजूभाऊ एसटीने माझ्याकडे आणायचे. एकदा त्यांच्याकडून एक बाटली आदल्या दिवशी पोचवायची राहिली. ती त्यांनी ड्रायव्हरपुढच्या देवाच्या फोटोजवळ ठेवली. वर ऊन, खाली इंजिन. गाडी निघाली तेव्हा बाटली राखाडी होती. पुढच्या सीटवरची एक बाई तिच्याकडे बघत बसली होती. दोन स्टॉप गेले. बाटली काळी झाली.

"बाप्पा! करनी हाय!" बाई किंचाळली.

गजूभाऊ समजावत होते, "मावशी, करनी नाही, पानी आहे, तांड्याच्या इहिरीचं..." पण ऐकतंय कोण! कोणी घंटीची दोरी ओढली, कोणी खिडकीतून पिशव्या टाकल्या. भर दुपारी, भर रस्त्यात अख्खी गाडी रिकामी. ड्रायव्हरसुद्धा उतरून झाडाखाली उभा राहिला.

मागच्या सीटवर फक्त एक म्हातारा बसून होता. पांढरा फेटा, काठी गुडघ्यांमध्ये. हिरासिंग नाईक, शेवंताबाईंचे सासरे.

"काका, तुमी नाही उतरले?" गजूभाऊंनी विचारलं.

"कायले उतरू?" नाईक म्हणाले. "मी तं रोजच पेतो ते."

*

बाटली ऊबदार जागी ठेवायची, हे मी शेवंताबाईंना सांगितलं होतं. कुठे ठेवायची ते त्यांनी त्यांचं ठरवलं.

एकदा मी स्कूटर काढून तांड्यावर गेले. घरात चुलीपाशी पाळणा टांगलेला होता, त्यात गोधडी. शेवंताबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि पायाच्या अंगठ्याला दोरी अडकवून पाळणा हलवत होत्या. मला वाटलं, शेजारणीचं लेकरू असेल. मी आवाज हळू केला.

"कोणाचं हो?" मी विचारलं.

त्यांनी गोधडी बाजूला केली. आत बाटली होती.

"घरात सगळ्यात ऊब इथंच राह्यते, मॅडम. चुलीजवळ." आणि मग बाटलीकडे बघून त्या शांतपणे म्हणाल्या, "हे बी काळंच पडलं."

मी केमिस्ट्रीची मास्तरीण. 'हे बी' कशाला म्हणाल्या, असं मी त्यांना विचारलं नाही.

*

आमचा सगळ्यांचा संशय अर्थातच ढोरखड्ड्यावर. ठाकरे डॉक्टर म्हणाले, असं नुसतं बोट दाखवून चालत नाही, उतार मोजला पाहिजे. गवंडी लेव्हलसाठी वापरतात तो पारदर्शक पाइप त्यांनी आणला, त्यात पाणी भरलं. एक टोक मी विहिरीपाशी धरलं, दुसरं घेऊन ते टप्प्याटप्प्याने ढोरखड्ड्यापर्यंत गेले.

रणरणती दुपार होती. पाखरूसुद्धा ओरडत नव्हतं. मी पाइप गुंडाळत ठाकऱ्यांपर्यंत पोचले. ते हाडांच्या मधोमध उभे राहून मला लेक्चर देऊ लागले.

"मॅडम, खड्डा खाली आहे, विहीर वर आहे. मधात नाला. इथलं पानी तिकडं जाऊच शकत नाही. पानी चढत नसते. हे सायन्स आहे!"

तेवढ्यात त्यांच्या मागून, मातीतून, घंटी वाजली.

बैलाच्या गळ्यातली घंटी. एकदा. मग थांबून पुन्हा. बैल मान हलवतो ना, अगदी तशी. एका बाजूची माती हलली आणि ढेकळं घरंगळली.

मी ठाकऱ्यांकडे बघितलं. ठाकरे तिथे नव्हते! ते नाल्यापाशी लावलेल्या माझ्या स्कूटरवर होते, मागच्या सीटवर, आणि किल्ली माझ्या पर्समध्ये!

मातीतून एक कुत्रं बाहेर आलं. तोंडात चामड्याचा पट्टा, पट्ट्याला घंटी. ते आमच्याकडे न बघता नाल्याच्या दिशेने गेलं. बराच वेळ घंटी ऐकू येत होती.

"डॉक्टर," मी म्हटलं, "सायन्स ना?"

"सायन्स आपल्या जागी आहे, मॅडम," ठाकरे म्हणाले. "मी माह्या जागी आहे. गाडी काढा."

*

पाणी चढत नाही हे मला मान्य होतं. पण विहिरीची बाटली दर वेळी काळी पडत होती. ब्लीचिंग पावडर टाकली की चार दिवस बरी, मग पुन्हा काजळ. खड्ड्याचं पाणी नक्की जातं कुठे, ते बघायला मी कॉलेजातून एक रंग आणला. चिमूटभर टाकला तर अख्खा हौद हिरवागार करतो, आणि पोटात गेला तर काही होत नाही. पावसाची सर येऊन गेल्यावर तो आम्ही खड्ड्यात ओतला. आधी गावात दवंडी दिली होती, हे मुद्दाम सांगते.

सरपंचांना मी स्वतः भेटले होते. "तांड्याच्या पान्याचं तांड्यानं पाहावं," ते म्हणाले. "तुमचा रंग काही माह्या घरी येत नाही!"

तांड्याची विहीर स्वच्छ राहिली. हिरवा टिपूससुद्धा नाही.

काही दिवसांनी खाली गावात सरपंचांकडे मुलगी बघायला कळंबचे पाहुणे आले. अंगणातल्या हातपंपाचं ताजं पाणी काचेच्या ग्लासांत भरून ट्रे बाहेर आला. उन्हात ग्लास पेटल्यासारखे हिरवे दिसत होते.

पाहुण्यांनी ग्लास उचलून विचारलं, "हे काय, सरबत होय?"

सरपंच ट्रे मागे घ्यायला उठले. ओसरीवर बसलेली त्यांची म्हातारी आई मान पुढे करून बघत होती. तीच बोलली.

"नाही बाप्पा, सरबत कायचं! नाल्याकाठचं आहे ते. मेलेल्या ढोराईचं."

पाहुणे चहालासुद्धा थांबले नाहीत. आणि जो ढोरखड्डा तांड्याच्या अर्जविनंत्यांनी हलत नव्हता, तो त्याच आठवड्यात बंद झाला! पण आमचं कोडं तसंच राहिलं. खड्डा बंद झाला, विहिरीची बाटली काळीच. पोळा जवळ येत होता. शेवंताबाई रोज गजूभाऊंच्या गाडीपाशी येऊन उभ्या राहायच्या आणि नुसतं बघायच्या. गजूभाऊ नाही म्हणून मान हलवायचे.

*

विहिरीच्या जवळपास जनावर पुरलंय का, हे आम्ही पहिल्याच दिवशी तांड्यावर घरोघरी विचारलं होतं. एकजात सगळे म्हणाले, नाही. शेवंताबाईसुद्धा नाही म्हणाल्या. बंजारा माणूस उगाच खोटं बोलत नाही, हा माझा अनुभव. म्हणून तो विषय तिथेच संपला होता.

मग एका दुपारी मी विहिरीवर सॅम्पल घेत होते. हिरासिंग नाईक आले. पोहरा सोडला, भरून ओढला. मधे दोनदा थांबून दम घेतला. मी मदतीला गेले तर मला हातानेच बाजूला केलं. पोहरा घेऊन ते विहिरीच्या वरच्या अंगाला गेले, पळसापाशी. तिथे गवत इतकं दाट आणि काळंशार होतं की आजूबाजूच्या माळाला शोभत नव्हतं. त्यांनी तोंडाने चुचकारलं, हळूहळू पाणी ओतलं, अर्धं इकडे, अर्धं तिकडे. मग तळहात जमिनीवर टेकून थोडं थांबले. पाणी पिऊन होईपर्यंत आपण जनावरापाशी थांबतो ना, तसे.

"नाईक, काय करताय?" मी विचारलं.

"पानी पाजून राह्यलो. दुपारची तान लागते त्याईले."

"कोणाला?"

"हौशाले. अन् पाखऱ्याले."

त्यांची जोडी. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या शेवटी एकामागून एक गेली. ढोरखड्ड्यात कुत्री फाडतात, म्हणून त्यांनी विहिरीपाशी पुरली. अख्खा तांडा तेव्हा हजर होता. बाया रडल्या होत्या.

मी शेवंताबाईंना हाक मारली. माझा आवाज चढला होता, ते मला आठवतं. "बाई, मी विचारलं होतं ना तुम्हाला! जनावर पुरलंय का म्हणून!"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "जनावर नाही पुरलं, मॅडम. हौशा-पाखऱ्या आहेत ते. घरचे आहेत." आणि हे बोलताबोलताच त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी विहिरीकडे बघितलं, मग पळसाकडे, मग सासऱ्यांच्या हातातल्या पोहऱ्याकडे. त्या खाली बसल्या.

नाईकांना समजायला वेळ लागला. ठाकरे आले, त्यांनी समजावून सांगितलं: दर दुपारी ओतलेलं पाणी खाली मुरतं, जोडीला धुऊन विहिरीत उतरतं. नाईकांनी मधे एकच विचारलं.

"लहान्या बी त्यानंच गेला काय?"

लहान्या म्हणजे कविताचं लेकरू. मला त्या म्हाताऱ्याची इतकी दया आली की त्याच्याकडे बघवेना. नाईकांनी पोहरा विहिरीच्या कठड्यावर ठेवला आणि त्या दिवसानंतर तिथे पाणी ओतलं नाही.

*

आता शेवटचा. यात माझं स्वतःचं काही नाही, बघितलं तेवढं सांगते.

जोडी हलवायची ठरली. नाईक म्हणाले, "हलवा. पन पोळा होऊ द्या." लांब माळावर, पाण्यापासून दूर, उताराच्या उलट बाजूला ठाकऱ्यांनी दोन खोल खड्डे खणून घेतले, चुना आणून ठेवला. कोणी पडू नये म्हणून वर बाभळीच्या फांद्या टाकल्या. तान्हा पोळ्याच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, काम करायचं होतं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्याकडे बैलांचे खांदे शेकतात. लोणी-हळद लावायची, पळसाच्या पानाने चोळायची आणि कानात आवतण द्यायचं. नाईकांच्या गोठ्यात आता बैल नव्हता. ते वाटीत लोणी-हळद घेऊन विहिरीपाशी गेले. गजूभाऊ आणि मी तिथेच होतो, ऊन अजून उतरायचं होतं. त्यांनी गवतावर दोन ठिकाणी पान फिरवलं, वाकले, आणि जमिनीला तोंड लावून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मग काठीने माळ दाखवला. "तिकडं या. इथं नोका येऊ."

गजूभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

पोळ्याच्या दिवशी त्यांनी पुरणपोळीची दोन ताटं नेऊन माळावर ठेवली, हे सगळ्यांनी पाहिलं. मग अख्खा तांडा मिरवणुकीत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पळसाखाली खणायला लागलो. रस्त्यावर पोरं लाकडी बैल ओढत होती, चाकांची कुरकुर इथपर्यंत येत होती. गवत काढलं. गवताची मुळं अखंड होती, जागा कोणी हात लावल्यासारखी दिसत नव्हती. खाली मऊ माती लागली. कमरेपर्यंत गेलो, छातीपर्यंत गेलो. मग पहार खणखणली, मुरूम लागला.

हाड नाही. शिंग नाही. खूर नाही. दोन वेसणी होत्या फक्त, शेजारी-शेजारी, गाठी न सुटलेल्या.

ठाकऱ्यांनी आजूबाजूलाही खणलं. घामाघूम झाले. "जागा चुकली असन," म्हणाले. पण तांड्यातल्या प्रत्येकाने हीच जागा दाखवली.

नाईक कठड्यावर बसून होते. "कायले खोदून राह्यले?" ते म्हणाले. "काल जेवाले गेले ना ते."

आम्ही माळावर गेलो. बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या तशाच होत्या. त्यांच्याखाली दोन्ही खड्डे मातीने काठोकाठ भरलेले, वरून चुना पसरलेला. ताटं रिकामी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी खुरांचे ठसे सगळीकडेच असतात, त्यामुळे ते बघण्यात अर्थ नव्हता. तरी ठाकरे बघत होते.

मी तांड्यावरच्या एकेका घरी जाऊन विचारलं, कोणी हलवले? सगळे म्हणाले, आम्ही नाही. ठाकऱ्यांनी एक खड्डा उघडून बघायला फावडं घेतलं. शेवंताबाई "नोका" म्हणाल्या आणि त्यांनी ते खाली ठेवलं. मीही हट्ट धरला नाही. का, ते मला विचारू नका!

मग विहीर उपसली. पावडर टाकली. पाणी भरून आल्यावर शेवंताबाईंनी बाटली भरली आणि पाळण्यात ठेवली. आम्ही सगळे त्या चुलीपाशी बसून होतो. एक दिवस गेला. दुसरा गेला. बाटली भरली होती तशीच राहिली. पुढच्या आठवड्याची तशीच. त्याच्या पुढचीही. कविता आली तेव्हा शेवंताबाईंनी बाटली काढून कोनाड्यात ठेवली आणि गोधडी धुऊन वाळत घातली. कविताला मुलगी झाली. तिला पहिल्यांदा विहिरीचं पाणी पाजलं तेव्हा मी तिथे होते.

हिरासिंग नाईक अजून एसटीने दिग्रसला यायचे. पायरी चढायला गजूभाऊंना हात द्यावा लागायचा, पिशवीसुद्धा तेच उचलायचे. एकदा गाडीत गर्दी नव्हती. मी त्यांच्या पुढच्याच सीटवर होते. गजूभाऊ म्हाताऱ्याशेजारी बसले आणि हळूच म्हणाले, "काका, आता तं सांगा. आमी कोनाले नाही सांगत. तुमीच हलवले ना? कोनाले घेऊन गेलते संगं?"

नाईक खिडकीबाहेर बघत होते. माळ मागे पडत होता.

"माह्याच्यानं कायचे उचलतात ते," ते म्हणाले. "आपल्या पायानं गेले."